फवारणीचे वेळापत्रक शिकवणे आणि कीड व्यवस्थापन शिकवणे

शिमला, कुल्लू किंवा किन्नौर जिल्ह्यात सफरचंद बागायतदारांसाठी ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन प्रशिक्षण’ असा फलक लागतो, तेव्हा त्याखाली दोन अगदी निराळे कार्यक्रम चाललेले असू शकतात. एका ठिकाणी तज्ज्ञ सभागृहात बसून वर्षाचे फवारणी वेळापत्रक समजावून सांगतात आणि दुपारपर्यंत वर्ग आटोपतो. दुसऱ्या ठिकाणी तेच पंचवीस-तीस बागायतदार हंगामभर ठरलेल्या दिवशी एकाच बागेत जमतात, पाने मोजतात, वाद घालतात आणि या खेपेला फवारायचे की नाही हे स्वतः ठरवतात. ही शेतीशाळा. बुरशीनाशके, मित्रकीटक, कामगंध सापळे हे शब्द दोन्हीकडे ऐकू येत असल्यामुळे एकीला दुसरी समजण्याची चूक सहज होते, आणि अहवालांत तर दोन्ही एकाच रकान्यात जातात.

वेळापत्रकाला कमी लेखण्याचे कारण नाही. ते तारखांना बांधलेले नसून झाडाच्या अवस्थांना बांधलेले असते, कारण एकाच खोऱ्यात खालची बाग फुलावर असताना वरच्या बागेत कळ्याही उमललेल्या नसतात. म्हणून तिथले बागायतदारही ‘ग्रीन टिप’ (कळीतून हिरवे टोक दिसणे), ‘पिंक बड’ (कळी गुलाबी होणे), ‘पेटल फॉल’ (पाकळ्या गळणे) याच भाषेत बोलतात आणि मात्रा दोनशे लिटरच्या ड्रमवर मोजतात. हिवाळ्याच्या अखेरीस सॅन होजे खवले कीड आणि लाल कोळी या पानातला रस शोषणाऱ्या सूक्ष्म जीवाची अंडी यांच्यासाठी ड्रमला चार लिटर खनिज तेल, हे तिथे सर्वपरिचित प्रमाण आहे.

स्कॅब या बुरशीजन्य रोगापुरते तर वेळापत्रकच अधिक शहाणे ठरते. ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात तिचे बीजाणू कोवळ्या पालवीवर जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या बागांवर काम करणाऱ्या मिल्स यांनी 1944 मध्ये जो तक्ता दिला, त्यानुसार साधारण 18 ते 24 अंश तापमानात पान नऊ तास ओले राहिले तरी लागण होऊ शकते, आणि 10 अंशांना त्यासाठी चौदा तासांच्या आसपास लागतात. डाग मात्र बऱ्याच दिवसांनी दिसतात. डाग दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून पहिली लागण निसटलेली असते. तिथे पावसाच्या आधी पानावर संरक्षक बुरशीनाशक असणे हाच खरा उपाय. वेळापत्रकाची चेष्टा करणाऱ्या उत्साही प्रशिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

लाल कोळ्याच्या बाबतीत मात्र हाच न्याय उलटतो. हिमाचलात एका पानावर सरासरी सहा ते आठ कोळी ही फवारणीची पातळी मानतात, आणि तो आकडा कोणत्याही छापील कागदावरून कळत नाही. पाने तोडून, उलटी करून, भिंगाखाली मोजावी लागतात. भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसते. लाल कोळ्यांच्या मधून फिकट, चकचकीत, त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने धावणारे कोळी असतात, ते लाल कोळ्यांना खाणारे. केवळ पातळी ओलांडली म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले, तर हे भक्षक आधी मरतात आणि उरलेल्या अंड्यांतून लाल कोळी मोकळ्या रानात वाढतात. वर्गात हे वाक्य सांगता येते, लिहूनही घेता येते. पण पळणारा कोळी आणि बसलेला कोळी यांतला फरक डोळ्याला एकदा पटला, की पंप उचलण्याआधी हात आपोआप थांबतो.

पांढऱ्या कापसासारख्या आवरणाखाली राहून रस शोषणाऱ्या लोकरी माव्याचेही तसेच. मराठी वाचकाला हे नाव 2002 पासून उसामुळे ठाऊक आहे. सफरचंदावरची जात निराळी, ती फांद्यांबरोबर मुळांवरही राहते. तिच्या अंगात अंडी घालणारा ॲफेलिनस मालि हा इवलासा कीटक भारतात मुद्दाम आणलेला आहे. त्याने ग्रासलेला मावा कापूस झडून काळा पडतो आणि त्याच्या पाठीवर बारीक गोल छिद्र राहते. वसाहतीत असे काळे मावे किती आणि पांढरे किती, हे शेतीशाळेत मोजतात, मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढून एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक आणि वर हवामान मांडतात; मग गटाने निर्णय सांगायचा आणि इतरांनी तो उसवायचा. प्रशिक्षक उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. सुरुवातीला याचा बऱ्याच जणांना राग येतो, ‘औषधाचे नाव सांगा, साहेब’ असा आग्रह होतो, आणि तो अगदी समजण्यासारखा आहे.

या पद्धतीचा उगम भाताचा. इंडोनेशियाने तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. महाराष्ट्रात कृषी विभाग चालवतो त्या शेतीशाळा याच परंपरेतल्या. रसायने आणि मित्रकीटक यांचा मेळ घालण्याच्या एकात्मिक विचाराचे मूळ मात्र काही अंशी सफरचंदातच आहे: कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात ए. डी. पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1940 च्या दशकात असे आढळले, की स्कॅबसाठी मारलेले गंधक खवले किडीच्या शत्रूंना मारत होते आणि त्यामुळेच ती कीड वाढत होती.

भात चार-पाच महिन्यांत निघतो, सफरचंदाची बाग वर्षभर आणि पुढची कित्येक वर्षे उभी राहते. त्यामुळे सफरचंदातली शेतीशाळा फळ उतरवल्यावर संपवणे ही अर्धीच शाळा. पानगळीआधीची पाच टक्के युरियाची फवारणी, खाली पडलेली पाने कुजवणे आणि छाटणी हे सारे त्यानंतरचे धडे आहेत. खर्च आणि वेळ यांत वर्ग अर्थातच स्वस्त पडतो. दोहोंपैकी काय झाले हे ताडून पाहायचे असेल, तर परीक्षा पाहावी. वर्गाच्या परीक्षेत ड्रमला किती मात्रा, हे विचारतात. शेतीशाळेच्या मतपेटी चाचणीत झाडाच्या फांदीला कीडग्रस्त पान किंवा जिवंत कीटक बांधलेला असतो, शेजारी तीन पर्यायांच्या तीन पेट्या असतात आणि बागायतदार आपली चिठ्ठी एकीत टाकतो. ही चाचणी शाळेच्या आधी एकदा आणि शेवटी पुन्हा घेतात.