पार्श्वभूमी: एएमईचा परवाना सीमेपलीकडे का चालत नाही

वैमानिकाचा परवाना एका देशाचा असला तरी दुसरा देश त्याला मान्यतापत्र देऊन ठरावीक मुदतीपुरतं उडू देतो. विमान देखभाल इंजिनिअरच्या, म्हणजे एएमईच्या वाट्याला ही सोय क्वचितच येते. याचं मूळ 1944च्या शिकागो करारात आहे. त्यातलं कलम 32 वैमानिक आणि विमान चालवणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांबद्दल बोलतं. हँगरमधला इंजिनिअर त्यात येत नाही. कलम 33 परवाने मान्य करायला लावतं, पण ज्या देशात विमानाची नोंदणी आहे त्या देशाने दिलेले किंवा ग्राह्य धरलेलेच. 'व्हीटी', म्हणजे भारतीय नोंदणीचं विमान लंडनला उभं असेल तर भारतीय परवानाधारकाने देखभालीनंतर त्यावर केलेली सही ग्राह्य ठरते. शेजारच्या ब्रिटिश नोंदणीच्या विमानावर त्याच सहीला स्वतःचं असं वजन नाही. 1948मध्ये आलेल्या, याच कराराच्या परिशिष्ट 1 मधून पुढे एएमईसाठी 18 वर्षं वय आणि चार वर्षांचा अनुभव (मान्यताप्राप्त प्रशिक्षण असेल तर दोन वर्षं) असे किमान निकष आले. पण एका देशाने दुसऱ्याचा परवाना स्वीकारलाच पाहिजे, असं बंधन त्यातून आलं नाही.

भारतातली परवानापद्धत ब्रिटिश वळणाची होती. 1937च्या विमान नियमांतला नियम 61 आणि ए, बी, सी, डी, एक्स या वर्गवाऱ्या जुन्या पिढीला तोंडपाठ आहेत. युरोपने 1998मध्ये जेएआर-66 ही परवान्यांची सामाईक नियमावली आणली आणि 2003च्या नियमन 2042 ने तिला पार्ट-66 या नावाने कायद्याचं बळ दिलं. बी1 म्हणजे मेकॅनिकल, बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), सी म्हणजे बेस मेंटेनन्स (हँगरमधली मोठी देखभाल), ही आजची भाषा तिथून आली. आखातातल्या अनेक नियामकांनी तोच साचा उचलला आणि पुढे सीएआर-66 या भारतीय नियमांच्या रूपाने तो भारतातही रुजला. जुन्या परवान्यांचं रूपांतर झालं, काहींवर मर्यादांच्या नोंदी पडल्या.

वर्गवाऱ्या सारख्या, मोड्यूलची (परीक्षेच्या विषयांची) रचना सारखी, तेव्हा भारतीय बी1.1 (टर्बाइन इंजिनाच्या विमानांचा बी1) आणि युरोपीय बी1.1 आपोआप एकमेकांच्या जागी चालतील, अशी पुष्कळांची समजूत झाली. तसं झालं नाही. युरोपच्या नियमांत तिसऱ्या देशाचा परवाना बदलून देण्याची वाटच ठेवलेली नाही. भारतात दहा वर्षं रिलीज देणाऱ्या, म्हणजे विमान सेवेत सोडण्याची सही करणाऱ्या इंजिनिअरलाही मोड्यूलच्या परीक्षा युरोपीय पद्धतीने द्याव्या लागतात. प्रत्येकीत 75 टक्के गुण लागतात आणि सगळ्या दहा वर्षांच्या आत संपवाव्या लागतात. मग फॉर्म 19 भरून एखाद्या सदस्य देशाकडे अर्ज करायचा. अनुभवाच्या नोंदींवर ज्या कंपनीत काम केलं तिचा सही-शिक्का लागतो. कंपनी बंद पडली असेल किंवा जुना क्वालिटी मॅनेजर सापडत नसेल, तर खरा अनुभवही कागदावर सिद्ध करणं अवघड होतं. शिवाय युरोपबाहेरचा अनुभव किती धरायचा, यात सदस्य देशांची कार्यालयं एकसारखी वागत नाहीत. म्हणून अर्ज कुठे करावा यावरच इंजिनिअरांच्या चर्चा रंगतात.

खरा वादाचा मुद्दा मात्र पार्ट-145च्या, म्हणजे देखभाल संस्थांसाठीच्या युरोपीय नियमांच्या परिशिष्ट 4चा आहे. युरोपीय मान्यता असलेली देखभाल संस्था युरोपबाहेर असेल, तर तिथल्या सही करणाऱ्या इंजिनिअरकडे पार्ट-66 परवाना असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. शिकागो कराराच्या परिशिष्ट 1च्या निकषांत बसणारा त्या देशाचा परवाना पुरतो. 2003च्या मूळ अटींनुसार लाइन मेंटेनन्ससाठी (उड्डाणांदरम्यानच्या देखभालीसाठी) पाच वर्षांचा आणि बेस मेंटेनन्ससाठी आठ वर्षांचा अनुभव, त्या विमानाचं टाइप ट्रेनिंग, मानवी घटक आणि युरोपीय नियमांचं प्रशिक्षण एवढं झालं की संस्था त्याला सही करण्याचं ऑथरायझेशन देऊ शकते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की युरोपीय नोंदणीचं एअरबस ए320 हैदराबादच्या हँगरमध्ये सी-चेकला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या तपासणीला येतं. भारतीय एएमई पॅनेल उघडून आतली गंज तपासतो, टास्क कार्डं बंद करतो, सेवेत सोडण्याच्या दाखल्यावर सही करतो. विमान युरोपात परत जातं आणि त्या सहीवर प्रवासी घेऊन उडतं. तोच इंजिनिअर फ्रँकफर्टला नोकरीसाठी गेला, तर त्याच विमानाच्या चाक बदलाचीही सही त्याला करता येत नाही. तिथे तो परवानाधारकाच्या हाताखालचा मेकॅनिक असतो.

या रचनेचं समर्थन असं केलं जातं, की युरोप संस्थेची तपासणी करतो, चूक झाली तर संस्थेची मान्यता काढून घेऊ शकतो; एकट्या परदेशी परवानाधारकावर असा वचक ठेवता येत नाही. यात तथ्य आहे. पण ज्याचं कौशल्य हैदराबादेत पुरेसं ठरतं, त्याला फ्रँकफर्टमध्ये पहिल्या मोड्यूलपासून सुरुवात करायला लावण्याचं तांत्रिक कारण अजून कुणी पटेल असं मांडलेलं नाही. स्वस्त मजुरीच्या देशात विमान पाठवून काम करून घेण्याची सोय या रचनेने केली आणि तेच काम करणाऱ्या माणसाला दार बंद ठेवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या परीक्षा माफ करून फक्त कायद्याचं मोड्यूल आणि प्रात्यक्षिक मूल्यमापन घेता आलं असतं.

युरोप आणि अमेरिका यांच्यातला 2011मध्ये लागू झालेला करारही देखभालीच्या बाबतीत संस्थांनाच परस्पर मान्यता देतो, व्यक्तींना नाही. अमेरिकेत एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) या दोन्ही रेटिंगसाठी 30 महिन्यांचा अनुभव दाखवून लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येतं. परदेशी परवान्याचा उपयोग अनुभवाचा पुरावा म्हणून होतो. कॅनडाचा इंजिनिअर मात्र अमेरिकी विमानावर ठरलेल्या मर्यादेत काम करून सही देऊ शकतो, कारण दोन्ही देशांनी तशी तरतूद मुद्दाम केली आहे. इच्छा असली तर वाट निघते, हे त्यावरून दिसतं.

अलीकडचा मोठा धक्का ब्रेक्झिटचा. इंग्रजीत कारभार चालत असल्याने युरोपबाहेरचे अनेक इंजिनिअर ब्रिटनमार्फत पार्ट-66 मिळवत. 31 डिसेंबर 2020ला संक्रमणकाळ संपला आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रिटिश परवाना युरोपीय संघात निरुपयोगी झाला. नियमांचा मजकूर दोन्हीकडे जवळजवळ तोच होता. बदललं होतं ते परवाना देणारं कार्यालय. ब्रिटनने युरोपीय परवाने दोन वर्षं, 31 डिसेंबर 2022पर्यंत, ग्राह्य धरले. युरोपने तशी सवलत दिली नाही. मुदतीआधी अनेकांनी आपले परवाने आयर्लंडसारख्या सदस्य देशात हलवले. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यावर दुसरा परवाना नव्याने मिळवायची वेळ आली. दोन्हीकडच्या विमानांवर काम करणाऱ्यांच्या खिशात आता दोन परवाने असतात, दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा वेगळ्या.

आज भारतातून अर्ज करणाऱ्याने मोड्यूलची फी भरण्याआधीच परीक्षा घेणारी संस्था कोणाच्या मान्यतेखाली आहे ते तपासायला हवं. भारतातही युरोपीय मान्यतेच्या परीक्षा होतात, पण 1 जानेवारी 2021नंतर केवळ ब्रिटिश मान्यतेखाली दिलेली परीक्षा युरोपीय परवान्यासाठी धरली जात नाही.