‘बेघर म्हणजे भिकारी’ : खुलासा

भुसावळ स्टेशनबाहेर झोपलेल्यांकडे बोट दाखवून आपल्याकडे हमखास म्हटलं जातं, ‘भिकारी आहेत, सरकार काय करणार? कुणी दानशूर बघेल.’ दोन्ही गोष्टी चूक.

त्यातल्या एकाच्या उशाला प्लास्टिकच्या पिशवीत थापी आणि ओळंबा होता. “काम शे, पन घर नही,” एवढंच बोलला. गवंडी!

निवारा ही कुणाची मेहेरबानी नाही. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता : शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा, चोवीस तास उघडा निवारा. भुसावळशेजारच्या जळगाव शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच साडेचार लाखांवर होती. हिशोब तुम्हीच करा.

आणि पैसा? बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो, 1996 च्या कायद्यापासून. तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच. मात्र लाभाला नोंदणी लागते, वय 18 ते 60 आणि वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला. इथेच घोडं पेंड खातं. ठेकेदार सही द्यायला टाळतो. दाखला ग्रामसेवक किंवा महापालिकेचा अधिकारीही देऊ शकतो, हे मात्र मजूर अड्ड्यावर फारसं कुणी सांगत नाही.