कार्बन प्लेटचे बूट घेण्याआधी

आमच्या दुकानात येणारे बरेच हौशी धावपटू थेट मुद्द्यावर येतात: "कार्बनवाले दाखवा, आणि माझी किती मिनिटं वाचतील ते सांगा." बूट लगेच दाखवतो. मिनिटांचा हिशेब मात्र उभ्या उभ्या होत नाही, म्हणून हे पत्रक. वाचून झाल्यावर काहीजण बूट न घेताच परत जातील. जाऊ देत.

नाव प्लेटचं, काम फोमचं

सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असते म्हणून या बुटांना सगळे 'कार्बन प्लेट' म्हणतात, पण खरी कमाल तिच्याभोवतीच्या फोमची आहे. पेबा नावाच्या प्लास्टिकपासून बनवलेला हा फोम अतिशय हलका असतो. दाबला गेला की त्यात साठलेली ऊर्जा तो बरीचशी परत देतो. या पिढीचा पहिला गाजलेला बूट नायकीचा व्हेपरफ्लाय, २०१७ चा. प्रयोगशाळेत त्याचा सोल यंत्राखाली दाबून मोजला, तेव्हा सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत मिळाली. त्याच कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या रेसिंग बुटात हा आकडा ६६ च्या आसपास होता. पुढे संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग केला. बुटातल्या प्लेटला आडव्या चिरा पाडून तिचा ताठपणा घालवला आणि धावपटूंना पुन्हा पळवलं. ऊर्जेच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे प्लेट निरुपयोगी आहे असं नव्हे. इतका उंच, मऊ फोम तिच्यामुळे आकारात राहतो आणि बोटांच्या सांध्याचं वाकणं कमी होतं. पण "यात प्लेट आहे ना?" एवढंच विचारून बूट घेऊ नका. स्वस्त, जड फोममध्ये प्लेट घातलेले बूटही मिळतात.

वजनाचंही तसंच. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की पळताना लागणारा ऑक्सिजन साधारण १ टक्का वाढतो. पूर्वी जाड सोल म्हणजे जड बूट हे ठरलेलं होतं. ते समीकरण या फोमने मोडलं.

ते '४ टक्के' तुमचे आहेत का?

व्हेपरफ्लायच्या नावातच ४ टक्के होते, म्हणजे पळताना इतर रेसिंग बुटांपेक्षा तेवढी ऊर्जा कमी लागते असा दावा. तो आकडा १८ वेगवान धावपटूंवरच्या चाचणीतून आला. ते ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरने पळत होते. ४ ही सरासरी झाली. कुणाला २ च्या आसपास फायदा झाला, कुणाला ६. शिवाय हे टक्के ऊर्जेचे आहेत, वेळेचे नाहीत. वेगात पळणाऱ्याला हवाही कापावी लागते, त्यामुळे त्याची वेळ तेवढ्या टक्क्यांनी घटत नाही.

आता आपल्याकडे बघू. चार तासांत मॅरेथॉन म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. २०२३ मध्ये या वेगांवर चाचणी झाली. ताशी १२ किलोमीटरला सरासरी १.४ टक्के वाचले आणि १० ला ०.९. काहींना तर नेहमीच्या बुटांपेक्षा जास्तच दम लागला. हळू पळताना पाय कमी जोराने पडतो, फोम कमी दबतो, मग तो परत तरी किती देणार? वेळेतही पूर्ण एक टक्का वाचला असं धरलं तरी चार तासांत दोन-अडीच मिनिटं. पहिले पाच किलोमीटर उत्साहात सुसाट काढणारा शेवटच्या दहात याच्या कितीतरी पट गमावतो, आणि त्यावर आमच्याकडे बूट नाही.

बूट कुणाला मानवेल हे चेहरा बघून कळत नाही. जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंनाही साध्या सपाट बुटांच्या तुलनेत कुणाला सुमारे ११ टक्के फायदा, तर कुणाला तेवढाच तोटा झाल्याची नोंद आहे.

हे न्याय्य आहे का?

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून मॅरेथॉन २:१५:१६ मध्ये जिंकला. २०१९ मध्ये केनियाच्या ब्रिजिड कोसगेईने शिकागोत त्याहूनही कमी, २:१४:०४ वेळ नोंदवून महिलांचा १६ वर्षं टिकलेला विक्रम मोडला, तेव्हा तिच्या पायात नवे बूट होते. आदल्याच दिवशी व्हिएन्नात केनियाच्याच एलिउड किपचोगेने अशाच बुटांत मॅरेथॉनची दोन तासांची भिंत ओलांडली होती. मग २०२० च्या जानेवारीत वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी मर्यादा घातली: सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, ताठ प्लेट एकच. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकलेला देरारा हुरिसा काही वेळातच बाद झाला, कारण त्याच्या बुटांचा सोल ५० मिलिमीटर निघाला.

हौशी गर्दीत सोल मोजायला कुणी येत नाही. ४० च्या वरचे बूट उघड विकले जातात आणि सरावाला चांगले असतात. पण वयोगटातल्या बक्षिसावर डोळा असेल तर शर्यतीचे नियम आधी वाचा.

आमचं मत विचाराल तर, नियमात बसणारा बूट घालणं ही लबाडी नाही. तरी दहा सेकंदांनी चौथा आलेल्याची चिडचिड आम्हाला समजते, विशेषतः त्याला तो बूट परवडत नसेल तर. उद्या सगळ्यांनीच घेतले की क्रमवारी जिथल्या तिथे येईल, फक्त खिसे हलके झालेले असतील. आणि नव्या बुटांत नवा पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) आला तर डायरीत वेळेशेजारी बुटाचं नावही लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की सुधारलं कोण.

पायांचं काय?

२०२३ मध्ये डॉक्टरांनी अशा बुटांत पळणाऱ्या पाच जणांच्या पावलाच्या मधल्या भागातल्या नेव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाला ताणाची इजा झाल्याचं नोंदवलं. पाच जणांवरून बुटाला दोषी ठरवता येत नाही, पण पावलाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर आम्ही हे बूट देत नाही. इतरांनी आधी दोन-तीन छोटे रन करावेत, मग एखादा टेम्पो रन (सलग, जरा वेगाने पळणं), आणि मगच रेस. वळणावर उंच सोल डगमगतो, हेही सरावातच कळू दे. रोजच्या रनला ते वापरू नका. एका चाचणीत ४५० किलोमीटर वापरलेल्या पेबा बुटांचा साध्या फोमवरचा फायदा संपलेला होता. आदिदासचा १३८ ग्रॅमचा इव्हो १ तर कंपनीनेच एका शर्यतीपुरता म्हणून आणला.

रोजचे बूट झिजलेले असतील तर आधी ते बदला, कार्बनचं नंतर बघू. येताना ते जुने बूट आणि रेसला घालता ते मोजे घेऊन या. दोन्ही बुटांत दहा-दहा मिनिटं पळून बघायला देतो. जमलं तर संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि माप बरोबर मिळतं.