सरासरी वेग: अंतर समान आहे की वेळ समान आहे? (४८ आणि ५० चा घोळ)

हे दोन प्रश्न आधी नुसते वाचा, लगेच सोडवायला घेऊ नका.

पहिला. एक गाडी पुण्याहून साताऱ्याला ताशी ४० किमी वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत येते, तर सरासरी वेग किती?

दुसरा. एक गाडी पहिले २ तास ताशी ४० किमी वेगाने आणि पुढचे २ तास ताशी ६० किमी वेगाने जाते, तर सरासरी वेग किती?

पहिल्याचं उत्तर ४८, दुसऱ्याचं ५०. आकडे तेच, गाडी तीच, विचारलंय तेच, तरी उत्तर वेगळं. पोलीस भरती घ्या, तलाठी घ्या, एमपीएससीचा सीसॅट घ्या नाहीतर एसएससी सीजीएल, "वेग, वेळ, अंतर" म्हटलं की या दोनपैकी एक प्रकार कुठेतरी डोकावतोच, आणि ऑप्शनमध्ये ४८ आणि ५० दोन्ही शेजारी शेजारी बसवलेले असतात. सीजीएलच्या टियर १ ला ६० मिनिटांत १०० प्रश्न, वर चुकलं की अर्धा मार्क कट, त्यामुळे घाईत ५० ला टिक मारून पुढे जाणारे भरपूर.

आता फरक कुठून येतो ते बघा. सातारा समजा १२० किमी धरू (खरं अंतर किती याने काही फरक पडत नाही, पुढे कळेलच). जाताना १२० भागिले ४० म्हणजे ३ तास, येताना १२० भागिले ६० म्हणजे २ तास. एकूण २४० किमी, एकूण ५ तास, उत्तर ४८. म्हणजे गाडी हळू वेगात ३ तास होती आणि फास्ट वेगात फक्त २ तास, मग सरासरी हळू वेगाकडे झुकणारच ना. दुसऱ्या प्रश्नात दोन्ही वेगांना सारखेच २-२ तास मिळाले, ८० अधिक १२० म्हणजे २०० किमी, भागिले ४, बरोबर मधला ५०.

क्रिकेटवाल्यांना हे पटकन पटतं. १० ओव्हर ४ च्या रनरेटने आणि १० ओव्हर ६ च्या रनरेटने खेळलात तर एकूण रनरेट ५. पण पहिले ६० रन ४ च्या रेटने आणि पुढचे ६० रन ६ च्या रेटने काढले तर १५ ओव्हर अधिक १० ओव्हर, २५ ओव्हरमध्ये १२० रन, रेट ४.८. ओव्हर म्हणजे वेळ, रन म्हणजे अंतर, बाकी गणित तेच.

क्लासमध्ये पहिल्या प्रकाराची ट्रिक घोकून घेतात: दोन वेगांचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज. २ गुणिले ४० गुणिले ६० भागिले १००, आलं ४८. ट्रिक बरोबरच आहे, पण ती फक्त अंतर समान असताना चालते आणि हे सांगायचंच बरेचदा राहून जातं. मग होतं काय, की ज्याने अभ्यास केलेला नाही तो पहिल्या प्रश्नात ५० लिहून चुकतो आणि ज्याने ट्रिक पाठ केलीये तो दुसऱ्या प्रश्नात ४८ लिहून चुकतो! मला तर दुसरी चूक जास्त वाईट वाटते, कारण ती करणारा पूर्ण कॉन्फिडन्सने करतो.

म्हणून पेनाने आकडे मांडायच्या आधी प्रश्नात फक्त एवढंच शोधायचं की सारखं काय आहे. "जाताना... येताना", "त्याच मार्गाने परत", "निम्मे अंतर", "चौरसाकृती मैदानाच्या चार बाजू" असं काही दिसलं तर अंतर समान. "पहिले २ तास, पुढचे २ तास", "एकूण वेळेपैकी अर्धा वेळ" असं असेल तर वेळ समान, सरळ बेरीज करून भागा. दोन्ही समान नसेल, म्हणजे १०० किमी ताशी ५० ने आणि ९० किमी ताशी ३० ने, तर कुठलीच ट्रिक नको, एकूण १९० किमी भागिले एकूण ५ तास, ३८. खरं तर एकूण अंतर भागिले एकूण वेळ हे तिन्हीकडे चालतं, ट्रिक फक्त वेळ वाचवायला.

तीन वेग आले की लोक गडबडतात. एक तृतीयांश अंतर २० ने, एक तृतीयांश ३० ने, उरलेलं ६० ने. याचंही एक लांबलचक सूत्र फिरत असतं, ते कृपया पाठ करू नका. वेगांचा लसावि घ्या, ६०, तेवढाच प्रत्येक टप्पा धरा. मग ३ तास, २ तास, १ तास, एकूण १८० भागिले ६, उत्तर ३०. अपूर्णांक येतच नाहीत. साताऱ्याला १२० धरलं ते पण याचसाठी, १२० ला ४० नेही भाग जातो आणि ६० नेही, दुसरं काही कारण नाही.

ऑप्शन उडवायला अजून एक गोष्ट कामाची. अंतर समान असेल आणि दोन वेग वेगळे असतील तर सरासरी नेहमी मधल्या आकड्याच्या खालीच येते. ५८ आणि ६२ असतील तर ५९.९३, फरक जाणवतही नाही, पण २० आणि ८० असतील तर ५० च्या ऐवजी थेट ३२. वेग जितके लांब लांब तितकी सरासरी खाली घसरते.

आता यातली सगळ्यात भारी गंमत. समजा निम्मं अंतर ताशी ३० ने कापलं, तर उरलेलं निम्मं किती वेगाने कापलं म्हणजे सरासरी ६० येईल? बहुतेकांच्या तोंडून ९० निघतं. ६० किमीच्या प्रवासावर करून बघा. सरासरी ६० हवी म्हणजे पूर्ण प्रवास १ तासात व्हायला हवा, पण पहिले ३० किमी ताशी ३० ने जाण्यातच तो १ तास संपला, उरलेल्या ३० किमीला वेळच शिल्लक नाही, त्यामुळे विमान आणा नाहीतर रॉकेट, सरासरी ६० होणार नाही. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी अगदी असंच कोडं, एक मैल चढ आणि एक मैल उतारवालं, आइन्स्टाइनना पाठवलं होतं आणि उतारासाठी वेळच उरत नाही हे आकडेमोड केल्यावरच लक्षात आलं असं आइन्स्टाइननी कळवलं, तेव्हा आपण फसलो तर फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. हाच प्रश्न वेळेवर विचारला असता, अर्धा वेळ ३० ने गेलो तर उरलेला अर्धा वेळ किती वेगाने, तर ९० हे उत्तर शंभर टक्के बरोबर. यावरून ऑप्शनसाठी नियमही मिळतो: अंतर समान असेल तर सरासरी कमी वेगाच्या दुपटीला कधीच पोचत नाही.

"उशीर-लवकर"वाले प्रश्न सुद्धा समान अंतराच्याच घरातले. ताशी ४ किमीने चाललं तर शाळेत १० मिनिटं उशीर, ५ ने चाललं तर ५ मिनिटं लवकर. घर ते शाळा अंतर तेच, म्हणून वेगाचं गुणोत्तर ४:५ तर वेळेचं उलटं ५:४. फरक एक भागाचा, तो १५ मिनिटांचा, म्हणून ४ च्या वेगाने ७५ मिनिटं लागतात, अंतर ५ किमी.

आणि हा एक प्रश्न, ज्यात दोन्ही प्रकार एकात एक कोंबलेत, सीईटीच्या फिजिक्सची तयारी करणाऱ्यांनाही भेटतो. एक माणूस निम्मं अंतर ताशी ३० ने जातो. उरलेल्या अंतराला जो वेळ लागतो त्यातला अर्धा वेळ तो ४० ने जातो आणि अर्धा वेळ ५० ने. सरासरी वेग किती? आतून बाहेर या. दुसऱ्या टप्प्यात वेळ समान, म्हणून ४० आणि ५० चा साधा मध्य ४५. आता बाहेर निम्मं अंतर ३० ने आणि निम्मं ४५ ने, म्हणजे अंतर समान, लसावि ९०, तेव्हा ३ तास अधिक २ तास, १८० भागिले ५, उत्तर ३६. ऑप्शनमध्ये ४० असेलच, तिन्ही आकड्यांची बेरीज करून तीनने भागणाऱ्यांसाठी.