गावरान कोंबडी चिवट का लागते?

पाहुणे आले की खुराड्यातला कोंबडा धरायचा, कापायचा आणि तासाभरात रस्सा चुलीवर चढवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. फोडी शिजता शिजत नाहीत, तेव्हा ‘गावरान आहे, वेळ लागणारच’ असं म्हणतात. पण या चिवटपणाची कारणं दोन आहेत आणि चुलीचा इलाज चालतो तो त्यातल्या एकावरच.

पहिलं कारण वय. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जातो. गावरान कोंबड्याला त्याहून कमी वजन भरायलाही पाच-सहा महिने लागतात, आणि तेवढा काळ तो उकिरडा उकरत हिंडत असतो. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनच्या धाग्यांत वयाबरोबर पक्के आडवे दुवे तयार होतात. मंद आचेवर, पाण्यात, बराच वेळ शिजल्यावरच कोलॅजनचं जिलेटिन, म्हणजे मऊ चिकट द्रव्य, होतं. गावरान रश्श्याचा अंगचा दाटपणा हा त्याचाच.

दुसरं कारण मृत्यूनंतरचं, आणि त्याकडे आपण जवळजवळ लक्षच देत नाही. आकसलेले स्नायुतंतू एकमेकांपासून सुटायला एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागतं. जीव गेल्यावर ते संपत जातं, तंतू अडकून बसतात आणि अंग ताठरतं. नेमकं तेव्हाच शिजवलं, तर कितीही जाळ घाला, चावायला त्रास होतोच. काही तासांनी कॅल्पेनसारखी स्नायूंमधलीच विकरं (एन्झाइम) ही घट्ट रचना सैल करू लागतात. म्हणून साफ केलेली कोंबडी झाकून, फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअसच्या आसपास, 12 ते 24 तास ठेवावी. लगेच फ्रीझरमध्ये टाकू नये. ताठरण्याआधीच गोठलेलं मांस वितळताना जोरात आकसतं.

कोंबडा अंगणभर पळवून धरणंही चुकीचंच. त्या जिवाचे हाल होतात, आणि धडपडीत स्नायूंमधली साखर खर्च होऊन मांसाची प्रत बिघडते. आदल्या रात्री डालग्याखाली डालावा, दाणा बंद, पाणी चालू. आतडी रिकामी राहिली की साफ करताना मांसाला घाण लागण्याचा धोका कमी होतो. पिसं काढायला उकळतं पाणी नको, कातडी फाटते. साधारण 60 अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवलं की पुरतं. पित्ताची पिशवी मात्र जपून काढावी, फुटली तर मांस कडू होतं.

शिजवण्याआधी फोडी नळाखाली खळखळून धुऊ नयेत. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू धुतल्याने मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. ते मरतात उष्णतेने. मांस आतपर्यंत 74 अंशांना पोचलं पाहिजे.