ड्राइव्हचं अक्षर बदलायचंय?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पेन ड्राइव्ह लावला, जोडल्याचा आवाजही आला, पण स्क्रीनवर त्याचा पत्ता नाही. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण पेन ड्राइव्ह गेला असं धरूनच येतात. पुष्कळदा तो ठणठणीत असतो. प्रत्येक ड्राइव्हला विंडोज सी, डी, ई असं एक अक्षर देते. पेन ड्राइव्हला मिळालेलं अक्षर ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने (नेटवर्कवरून जोडलेल्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या जागेने) आधीच अडवलेलं असतं, एवढंच. अक्षर बदललं की तो लगेच दिसायला लागतो.

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्यात एकही फाइल पुसली जात नाही. मात्र ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉग इन केलेलं असावं.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. हवा तो ड्राइव्ह ओळखा. नुसत्या अक्षरावर विसंबू नका, त्याचं नाव आणि किती जीबीचा आहे तेही बघा. त्यावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा, मग ‘चेंज’, आणि यादीतलं मोकळं अक्षर. ड्राइव्हला अक्षरच नसेल तर ‘चेंज’ऐवजी ‘ॲड’. इथे एक सांभाळा: त्याच मेनूत या ओळीला चिकटूनच खाली ‘फॉरमॅट’ आहे, म्हणजे ड्राइव्हवरचं सगळं पुसणारी आज्ञा. हात घसरून तिथे क्लिक झालं, तर समोर आलेली खिडकी ‘कॅन्सल’ करून बाहेर या.

कोणतं अक्षर घ्यावं? पेन ड्राइव्हला विंडोज सहसा सुरुवातीकडचं मोकळं अक्षर देते, तर नेटवर्क ड्राइव्हला झेडपासून उलटं येत सुचवते. म्हणून बॅकअपच्या हार्ड डिस्कसाठी आम्ही मधलं एखादं, पी किंवा आर, सांगतो. तुमचा कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मात्र तीच डिस्क वेगळ्या अक्षराने दिसेल. ए आणि बी कुठे गेले, असं अनेक जण विचारतात. ती फ्लॉपीची अक्षरं. 1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी हार्ड डिस्कसकट आला तेव्हा तिच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी गेली, सी तिथेच राहिला.

डी आणि ई यांची अदलाबदल थेट होत नाही. डीला आधी टी करा, मग ईला डी, आणि शेवटी टीला ई.

आता खरी अडचण. फाइली जागच्या जागी राहतात, पण त्यांचा पत्ता बदलतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर डेटा डी ड्राइव्हवर शोधत असेल आणि तुम्ही त्या ड्राइव्हला पी केलं, तर सॉफ्टवेअर उघडेल पण कंपनीची यादी कोरी दिसेल. धसका घेऊ नका, डेटा आहे तिथेच आहे. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट आणि ठरल्या वेळी आपोआप होणारा बॅकअपही असेच चुकतात, आणि बॅकअपचं तर चटकन कळतही नाही. अक्षर बदलताना विंडोज याची सूचना देते. आपण सगळेच ती न वाचता ‘येस’ करतो. म्हणून ज्या ड्राइव्हवर प्रोग्रॅम इन्स्टॉल केलेले आहेत, त्याला हात लावू नये असं आमचं मत आहे. पेन ड्राइव्ह, बाहेरून लावायची डिस्क, नुसत्या फोटोंचा ड्राइव्ह यांचं अक्षर खुशाल बदला.

सी ड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून विंडोज चालते तो, डिस्क मॅनेजमेंटमधून बदलता येत नाही. इंटरनेटवर त्यासाठी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींमधल्या) युक्त्या सापडतील. त्या करून कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, असं होऊ शकतं. ‘रिकव्हरी’ लिहिलेल्या छोट्या भागालाही अक्षर देऊ नका.

बदलानंतर काही उघडेनासं झालं, तर जुनं अक्षर परत द्या आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. आणि अक्षर दिल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असा प्रश्न आला, तर ‘कॅन्सल’ करा, डिस्क काढा आणि आमच्याकडे घेऊन या. तिथे अडचण अक्षराची नसते.