कीड नाही, पण हिरड्यांचं काय? डाऊन सिंड्रोममधले दात

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचे दात तपासून डॉक्टर म्हणाले, ‘कीड कुठेच नाही’, की घरचे निर्धास्त होतात. कीड कमी असण्यात तथ्य आहे. दात उशिरा येतात, त्यामुळे साखरेशी त्यांची गाठ कमी वर्षं पडलेली असते. दात लहान आणि विरळ असल्याने फटीत अन्नही फारसं अडकत नाही. लाळेचाही यात वाटा असावा, पण त्यावर संशोधकांमध्ये वाद आहे. गोम अशी, की यांचे दात कीड लागून फार जात नाहीत. ते हिरडीच्या आजाराने हलू लागतात आणि पडतात. तिशी-पस्तिशीच्या आतच बहुतेकांच्या हिरड्यांखालचं हाड झिजायला लागलेलं असतं. फक्त कीड शोधणाऱ्या तपासणीत हे हाताला लागत नाही.

ब्रश नीट होत नाही म्हणून असं होतं, हे अर्धंच उत्तर. नेदरलँड्समध्ये 1980च्या दशकात एक प्रयोग झाला. डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि नसलेल्या मुलांचं दात घासणं काही काळ मुद्दाम थांबवून हिरड्यांवर लक्ष ठेवलं गेलं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत हिरडी लवकर सुजली आणि सूज जास्त पसरली. म्हणजे प्लाकला, दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थराला, शरीर कसं उत्तर देतं, तिथेच फरक आहे. जंतूंच्या दिशेने धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी यांच्यात कमी चपळ आढळतात. शिवाय इंटरफेरॉनचा, म्हणजे संसर्गाची खबर देणाऱ्या प्रथिनांचा, संदेश झेलणाऱ्या ग्राहक प्रथिनांपैकी चारांची जनुकं 21व्या गुणसूत्रावरच असतात. त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्याने दाहाची यंत्रणा कायम तापलेली राहते. जंतू आवरत नाहीत आणि दाह मात्र हाडाचंच नुकसान करतो.

सगळ्यात आधी जातात ते खालचे पटाशीचे दात, आणि त्याला कारणं बरीच आहेत. जिभेखाली लाळेच्या नळ्या नेमक्या या दातांच्या मागे उघडतात, म्हणून टार्टर, म्हणजे कडक झालेला प्लाक, तिथे झपाट्याने साठतो. जीभ पुढे येऊन या दातांवर सतत रेलते. तोंडाने श्वास घेण्याच्या सवयीमुळे पुढची हिरडी कोरडी पडते. दात कराकरा खाण्याची खोड असेल तर दातांवर जादा जोर येतो. आणि मुख्य म्हणजे या दातांची मुळं आखूड असतात. उथळ पुरलेल्या खांबासारखी त्यांची गत होते: दुसऱ्या कुणाच्या दाताला तीन-चार मिलिमीटर हाड झिजलं तरी निभावतं, इथे तेवढ्यानेच दात डुगडुगू लागतो.

म्हणून घासण्याची सुरुवात या दातांच्या मागच्या, जिभेकडच्या बाजूने करावी. बहुतेक घरांत नेमका उलटा क्रम असतो. समोरून दिसणारे दात चकचकीत होतात, तोवर मुलाचा धीर संपतो आणि मागची बाजू राहूनच जाते.

मुलाला खुर्चीत बसवून आपण मागे उभं राहावं, त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवावं. लहान मुलाला दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून मांडीवर आडवं घ्यावं: एकाने हात धरायचे, दुसऱ्याने घासायचं. मान मागे ताणायची नाही. डाव्या हाताच्या बोटाने ओठ खाली ओढून धरला की जिभेने ब्रश ढकलला तरी जागा दिसत राहते. ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा हवा. केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरके, साधारण 45 अंशांत टेकवून जागच्या जागी हलवायचे. आडवा खराखरा घासलेला ब्रश सांध्यातला थर तसाच ठेवतो. तोंड उघडं राहत नसेल तर मऊ फडक्याची घट्ट गुंडाळी दाढांमध्ये ठेवावी. बोट मात्र घालू नये, चावा जबरदस्त बसतो. तिन्ही बाजूंनी दाताला भिडणारा तीन डोक्यांचा ब्रश मिळाला तर वेळ वाचतो.

पेस्ट 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची असावी. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पुरे. घासल्यावर थुंकायला लावावं. भरपूर पाण्याने चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं.

रक्त आलं की घासणं थांबवणं ही सर्रास होणारी चूक आहे. रक्त येतं ते थर साचून हिरडी सुजल्यामुळे. हलक्या हाताने रोज थर काढत राहिलं तर आठ-पंधरा दिवसांत ते कमी होतं. तरी राहिलं तर टार्टर जमलेलाय असं समजावं. तो ब्रशने निघत नाही, तिथे डॉक्टरांकडून खरवडून घेणं, म्हणजे स्केलिंगच, लागतं. ज्यांची हिरडी लवकर बिघडते त्यांना दर तीन महिन्यांनी बोलावतात. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक मदत करतं, पण ते बरेच दिवस वापरलं की दात तपकिरी होतात. चूळ भरता न येणाऱ्या मुलाला ते ब्रशवर किंवा कापडाच्या बोळ्यावर घेऊन लावावं लागतं.

पहिला दात सहाव्या महिन्याऐवजी वर्ष-सव्वा वर्षाला, कधी दोन वर्षांचं झाल्यावर येतो. क्रमही उलटसुलट असतो, पटाशीच्या आधी दाढही उगवते. यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र काही कायमचे दात मुळातच बनलेले नसतात, बहुधा वरचे बाजूचे पटाशीचे दात आणि दुसऱ्या उपदाढा. सहा-सात वर्षांच्या सुमारास ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला की ते कळतं. दुधाच्या दाताखाली कायमचा दात नसेल तर तो दुधाचा दात जपायचा असतो. ‘पडणारच आहे’ म्हणून तो काढून टाकला की कायमची पोकळी राहते.

खर्चाचा प्रश्न येतोच. सरकारच्या मोफत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली पालघरमधून झाली. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंत ज्या 30 आजारांची तपासणी होते, त्यांत डाऊन सिंड्रोम, जन्मजात हृदयदोष आणि दातांचे विकार तिन्ही आहेत. तपासणीत काही आढळलं तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

दातांच्या डॉक्टरकडे जाताना हृदयाचा अहवाल बरोबर हवा, कारण जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. दातांच्या कामात तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात, पण म्हणून सरसकट सगळ्यांना कामाआधी अँटिबायोटिक द्यायचं नसतं. न दुरुस्त केलेला, अंग निळं पडणारा दोष, कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग, किंवा कृत्रिम साहित्य वापरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिने: मुख्यतः अशांना ते लागतं. अमॉक्सिसिलिन किलोमागे 50 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दोन ग्रॅम, कामाआधी अर्धा ते एक तास, एकदाच. 16 किलोच्या मुलाला 800 मिलिग्रॅम. पाच दिवसांचा कोर्स हा त्याला पर्याय नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं, औषध बदलतात.

मानेबद्दलही पहिल्याच भेटीत बोलावं. साधारण 10 ते 20 टक्के जणांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. डोकं मागे फार झुकवलं किंवा झटक्याने वळवलं तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. खुर्ची अर्धी उभी ठेवून, मानेखाली छोटी उशी घेऊन बहुतेक काम होतं. मूल अलीकडे अडखळत चालत असेल, हाताची पकड सैल झाली असेल किंवा मान एका बाजूला धरत असेल, तर दातांचं काम थांबवून आधी मानेची तपासणी करून घ्यावी.